मागे जागा आहे

खानापूरच्या अभ्यासिकेत छताला तीन डबे आहेत,
पांढरे, ताटलीएवढे, प्रत्येकाच्या कडेला एक हिरवा ठिपका.
पहिला दाराशी, चपलांच्या वर.
दुसरा जिन्याच्या वळणावर.
तिसरा आतल्या खोलीत, जिथं जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे
आणि कधीच न फिरणारा एक पंखा.

सकाळी सातला घाडी क्लार्कांचा फोन :
"मॅडम, नेट मेलंय. आज फॉर्मची शेवटची तारीख,
पोरं माझ्या नावानं शिमगा करूलेत."

मेलं नव्हतं.
लॅपटॉप उघडला तर दाराच्या डब्यावर त्रेपन्न,
जिन्याच्या डब्यावर चार,
आतल्यावर दोन. त्यातला एक प्रिंटर.

फोन दारातून आत येतो.
जो आधी मोठ्यानं हाक मारेल त्याचा होऊन जातो.
मग त्याचा मालक पार आतल्या खोलीत जाऊन बसला,
डोक्यावर मोकळा डबा,
तरी फोन दोन भिंतींपलीकडे दाराशीच बोलत राहतो,
एका काडीवर, तुटक :
काय? परत सांग. काय?
आणि एकट्याला तीनतीनदा सांगण्यात
बाकी बावन्नांचा वेळ जातो.

सातेरी गावडा, कणकुंबीचा.
वनरक्षकाचा फॉर्म, फोटो ब्याण्णव टक्क्यांवर थांबलेला.
त्याच्या घराच्या मागच्या अंगाला गोव्याचा टॉवर लागतो,
पुढच्या अंगाला आपला.
न्हाणीघरातून ओट्यावर आला की फोन म्हणतो, आपले स्वागत आहे.
एकदा मिळालं की घट्ट धरायचं,
ही खोड त्याच्या फोनला तिथंच लागली असावी.
म्हणाला, "अक्का, दाराचा पावरफुल आहे.
त्याचीच पावर अजून वाढवा की."

सगळे हेच सांगतात.

येताना मच्छ्याच्या स्टॉपवर बस दारातच भरली होती.
कंडक्टरबाई घसा फोडत होत्या,
हिंद होग्री, हिंद जागा ऐती!
मागे खरंच जागा होती,
चार सीटा आणि एक कोंबड्यांची पाटी.
पायरीवरचं कुणी हललं नाही.
मग बाई गप्प झाल्या, पुढचं दार लावून घेतलं
आणि मागचं उघडलं.

मी दाराच्या डब्याची पावर कमी केली.
वीसवरून अकरा.

एक मिनिट अभ्यासिकेत त्रेपन्न माना वर झाल्या.
कुणीतरी माझ्या खानदानाचा उल्लेख केला, कन्नडमध्ये.
जे फोन तरीही दाराशीच अडून बसले
त्यांना डब्यानं सांगितलं : ऐकू येत नाही.
येत होतं ऐकू.
पण असं सांगावं लागतं, एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा फोन तोंड वळवतो, इकडंतिकडं कान देतो,
आणि डोक्यावरून इतका वेळ येत असलेला आवाज
त्याला पहिल्यांदा लागतो.

तेवीस. सतरा. एकोणीस.
सारखे नाहीत. सारखे करायचेही नव्हते,
जिन्याचा डबा म्हातारा आहे, त्याला सतराच पुष्कळ.
सातेरीचा फोटो ब्याण्णववरून एकदम शंभर.
त्यानं तो परत एकदा उघडून पाहिला,
आपलाच आहे ना म्हणून.

बिल लिहिताना अडले.
कामाचं वर्णन : पावर कमी केली.
पैसे कोण देणार याचे?
खोडलं. लिहिलं, दुरुस्ती.

संध्याकाळी परत घाडी क्लार्क :
"पोरांचं झालं, पण माझ्या टेबलावर भजन अडकूलंय.
दार माझ्याकडं आहे, थोडं तरी वाढवा."
मी इथूनच दोन वाढवले. तेरा.
म्हटलं, आता परत वीस केलेत बघा.

जरा वेळानं मेसेज आला :
पहिल्यापेक्षा फास्ट आहे.